बाविसावी चाल

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्या शिक्षणासाठी आला होता, हे आधी स्पष्ट करून ठेवते, कारण पुढे बाबांनी सगळ्या हुडकेश्वरात वेगळंच सांगितलं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजात एका मशीनवर आम्ही चौघी बसायचो आणि कीबोर्ड जिच्या हातात असेल तिचंच काय ते शिक्षण व्हायचं. म्हणून बाबांनी हिंगण्याच्या त्यांच्या कंपनीतल्या कुणाकडून तरी वापरलेला कॉम्प्युटर आणला आणि समोरच्या खोलीत कूलरच्या अगदी पुढ्यात मांडला. का, तर ‘मशीन गरम होते’. कूलरमधून वाऱ्याबरोबर पाण्याचे शिंतोडे उडायचे. मी मशीन भिंतीकडे सरकवायची, संध्याकाळी ते पुन्हा कूलरपुढे आलेलं असायचं. या भानगडीत एक अख्खा उन्हाळा गेला. बाबा लेथवर काम करायचे, लोखंडातला केसाएवढा फरक त्यांच्या बोटांना कळायचा, पण पाणी आणि वीज यांचं एकमेकांशी पटत नाही हे त्यांना मुलीकडून ऐकून घ्यायचं नव्हतं.

इंटरनेट त्या वेळी फोनच्या तारेतून यायचं. फोन आतल्या खोलीत, कॉम्प्युटर बाहेर, मधल्या दारातून तार ओढलेली, आणि आई दिवसातून दोनदा तरी त्या तारेला अडखळायची. नेट लागताना जे किंचाळणं ऐकू यायचं ते शेजारच्या घरातही जायचं. एकदा नेट लागलं की फोन बंद. आईच्या बहिणीचा कळमन्याहून रोज दुपारी फोन यायचा, तो लागेनासा झाला. “तुमच्या त्या पटापायी माह्यी बहीण कशी हाय, काय हाय, मले काही समजून नाही राहिलं,” असं आई बाबांना ऐकवायची, आणि बाबा तिला सांगायचे की पोरगी अभ्यास करून राहिली. मी अभ्यास करत नव्हते. मी बाबांचे बुद्धिबळाचे डाव वेबपेजवर चढवत होते.

आधी वह्यांबद्दल सांगायला हवं. बाबांचं एक वेड होतं, आणि ते वेड मला आजही चुकीचं वाटत नाही. “आपल्या आज्याचं, पणज्याचं कोणी काही लिवून ठेवलं नाही,” ते म्हणायचे. “ते काय खात, काय बोलत, कशावर हसत, काही म्हणून माहीत नाही. म्हणून आपण लिवायचं. आणि लिवलेलं बदलायचं नाही.” त्यामुळे आमच्या घरी सगळं लिहिलेलं असायचं. सिलिंडर कधी लावलं, कूलरची वाळ्याची ताटी कधी बदलली, कोण पाहुणा आला आणि काय जेवला. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली कॅलेंडर होतं, त्याच्या चौकोनांत मुंगीएवढ्या अक्षरांत हे सगळं कोंबलेलं असे. बुद्धिबळाचे डाव मात्र वेगळ्या वह्यांत. खेळताना स्वतः लिहायला गेलं की खेळाचा हात मोडतो, अशी बाबांची तक्रार होती. म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं, मी दुसरीत असल्यापासून. आडव्या घरांना ए ते एच, उभ्या घरांना एक ते आठ. मोहरा कुठून निघाला आणि कुठे बसला, दोन्ही घरं लिहायची, अशी शिस्त होती. पहिली पाळी असली की बाबा दुपारी चारला कंपनीच्या बसमधून उतरायचे, चहात मुठीने चिवडा टाकून खायचे आणि पट मांडायचे. गल्लीतलं कुणीतरी समोर बसायचं, आणि मी मध्ये, वही मांडीवर घेऊन. माझ्या मैत्रिणी बाहेर लंगडी खेळत असायच्या, त्यांचा आरडाओरडा ऐकत मी ‘घोडा, जी-एक ते एफ-तीन’ लिहायची. चिडचिड व्हायची, पण सांगायची सोय नव्हती.

या वह्यांमध्ये एक डाव असा होता की तो आमच्या घरात जेवणाइतक्या वेळा वाढला गेला. कंपनीच्या वार्षिक स्पर्धेचा शेवटचा डाव, कँटीनमध्ये खेळलेला. बाबांसमोर वानखेडे साहेब होते, स्टोअरचे अधिकारी, काटोलकडच्या शेतकरी घरातले, शांत गृहस्थ. त्याआधी सलग तीन वर्षं तेच जिंकत आले होते. मी नऊ वर्षांची होते, नवा फ्रॉक घालून उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले होते, आणि कँटीनवाल्याने मला कौतुकाने दोन आलूबोंडे आणून दिले होते. वहीच्या त्या पानावर तेलाचा डाग अजून आहे. चोविसाव्या चालीला बाबांनी एच ओळीतला हत्ती थेट साहेबांच्या राजापुढच्या प्याद्यावर घातला. हत्ती मेला, पण मागून दुसरा हत्ती ए-एकवरून सबंध पहिली आडवी ओळ पार करून एच-एकला आला, शह बसला, आणि एकोणतिसाव्या चालीला मात. लेथवरच्या माणसाने अधिकाऱ्याला हरवलं म्हणून कँटीन दणाणलं. घरी कुणीही आलं की पाटवडीचा रस्सा ताटात पडायच्या आत हा हत्ती मरायचा आणि भाकरी संपेपर्यंत साहेबांना मात व्हायची. आईला पट कळत नाही असं आम्ही समजत होतो, पण तिलाही हा डाव पाठ होता. बाबा एखादी चाल विसरले की ती चुलीजवळूनच, “मंग उंट आला न तुमचा,” असं म्हणायची.

तर बाबा एकदा कंपनीतल्या एका इंजिनियरच्या घरी गेले आणि तिथे त्यांनी एक वेबपेज पाहिलं. पेजवर पट होता आणि खाली बाणाची बटणं होती. पुढचा बाण दाबला की मोहरा आपोआप हलायचा, मागचा दाबला की परत जायचा. कुठल्यातरी परदेशी उस्तादांचा डाव होता. बाबा घरी आले ते बूट न काढताच माझ्यापुढे उभे राहिले. “सुजे, आपले डाव असे टाक. कोणीही दाबलं का चालले पाहिजेत.” मी विचारलं, कोण दाबणार आहे? “ते तुले काहून पाहिजे? लिवलेलं वहीत राहते तं एकटी वही वाचते. तिकडे टाकलं का सगळे वाचतात.” दोनच दिवसांत त्यांनी त्या इंजिनियरकडून फ्लॉपीवर सॉफ्टवेअर आणलं. त्याला डाव मजकूर म्हणून टाइप करून द्यायचा, मग ते पटाची, बाणांची सगळी तयारी करून पेज बनवून द्यायचं, आणि ते पेज आपण फुकटच्या जागेवर चढवायचं, जिथे आपल्या पटाच्या डोक्यावर कुणाची तरी जाहिरात लुकलुकत असायची. ऐकायला किती सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

पहिला डाव चढवला तेव्हा पट दिसला, मोहरे दिसेनात. प्रत्येक मोहऱ्याच्या जागी एक बारीक लाल फुली. घरच्या मशीनवर सगळं छान, नेटवर गेलं की बत्तीस फुल्या. बाबा खुर्ची ओढून माझ्या मागे बसायचे आणि त्यांचा चहाचा श्वास माझ्या मानेवर यायचा. “मोहरे कुठं गेले?” “येऊन राहिले, बाबा.” “कधी?” नऊ दिवस गेले. शेवटी कळलं की चित्रांच्या फायलींच्या इंग्रजी नावात एक अक्षर कॅपिटल होतं आणि पेजमध्ये लहान. घरचं मशीन ते समजून घ्यायचं, तिकडचं घेत नव्हतं. मी एकेक करून बारा फायलींची नावं बदलली, पुन्हा तार ओढली, पुन्हा किंचाळणं, आणि मोहरे आले. मी आनंदाने ओरडले. बाबा पाहत राहिले आणि म्हणाले, “मी वर काहून हावो? मी खाली पाहिजे.” त्या डावात ते काळे होते. पट उलटा करायला आणखी दोन दिवस गेले. मध्येच लाइट जायची, चढवत असलेली फाईल अर्ध्यात तुटायची, आणि बाबा मला विचारायचे की अर्धा डाव तरी गेला असेल ना.

हे सगळं मी करत होते कारण बाबांनी कंपनीच्या बसमध्ये जाहीर करून टाकलं होतं. वानखेडे साहेब दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते, कँटीनमध्ये निरोप समारंभ होता, आणि टाइम ऑफिसातला कॉम्प्युटर तिथे आणून सगळ्यांसमोर तो डाव बटण दाबून दाखवायचा, असं बाबांनी ठरवलं होतं. साहेबांनाही सांगून झालं होतं. साहेबच बटण दाबणार होते. म्हणून मी इतर डाव आधी सरावाला घेतले आणि हा मुख्य डाव, सॉफ्टवेअरवर हात बसल्यावर, शेवटी घेतला. वही उघडली, तेलाच्या डागाचं पान काढलं, एकोणतीस चाली टाइप केल्या आणि बटण दाबलं. एकविसाव्या चालीपर्यंत पट सरळ चालला. बाविसाव्याला थांबला आणि खाली लाल ओळ आली. अर्थ असा की ही चाल नियमात बसत नाही.

बाविसावी चाल माझ्या हस्ताक्षरात स्वच्छ लिहिलेली होती. राजा, ई-एक ते जी-दोन. राजा एका वेळी एकच घर चालतो हे मला नवव्या वर्षीही माहीत होतं, आणि तरी मी हे लिहिलं होतं. बाबांनी चष्मा लावून पान पाहिलं. “तू चुकली,” ते म्हणाले. इतक्या सहज म्हणाले, जशी काही ती गोष्ट ठरलेलीच होती. “मधातली एक चाल गाळली तुनं. राजा आंदी एफ-एकले गेला असन, मंग जी-दोनले.” मी म्हटलं, तुमची एक चाल गाळली तर साहेबांचीही एक गाळली असेल, मग ती कोणती? आम्ही शोधलं. साहेबांना आणखी एक चाल दिली की त्यांचा घोडा एफ-आठला येऊन बसायचा आणि पुढचा हत्तीचा बळी फुकट जायचा. “मंग मी किल्लेकोट केला असन.” किल्लेकोट म्हणजे राजा आणि कोपऱ्यातला हत्ती एकाच चालीत हलवणं; तो केला असता तर हत्ती एफ-एकला आला असता, मग एच ओळीत मेला तो हत्ती कुठून आला? बाबांनी पानावरच्या डागावर बोट ठेवलं. “तुह्यं लक्ष आलूबोंड्यात होतं.”

आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला फार लागलं. तीन आठवडे रोज दुपारी चारला तोच विषय. बसमधल्या लोकांनी विचारलं तर बाबा सांगायचे, पोरीनं लहानपणी लिवताना गडबड केली, दुरुस्त करून राहिलो. गल्लीत सांगितलं. कळमन्याच्या मावशीला, तिचा फोन एकदाचा लागला तेव्हा, तेही सांगितलं. मी सात वर्षांची असल्यापासून खेळ सोडून त्यांच्यासाठी चाली लिहिल्या होत्या. दहा-बारा वह्या. एवढे डाव त्या सॉफ्टवेअरमध्ये घातले, एकही कुठे अडला नव्हता. अडला तो एकच, आणि त्याच्यासाठी मी आता जगभर चुकीची ठरले होते. मी आईजवळ रडलेही, रागाने. तिने मला समजावलं नाही, फक्त म्हणाली, “जेवून घे आंदी.”

आणि सोडवलं ते तिनेच. रविवार होता, दुपारची वेळ. आम्ही दोघं जमिनीवर खरा पट मांडून बसलो होतो, एकविसाव्या चालीनंतरची मांडणी लावून. सॉफ्टवेअरवर आमचा दोघांचाही विश्वास उरला नव्हता. आई बाजूला अंबाडीची भाजी निवडत होती. बाबा राजा उचलायचे, एफ-एकला ठेवायचे, परत आणायचे. चौथ्यांदा त्यांनी राजा उचलला तेव्हा आईने देठ मोडता मोडता विचारलं, “त्याच्या आंदी राजाले शह लागला होता काय?”

“नाही,” बाबा म्हणाले.

“मंग अडलं कुठं? राजाले एक उडी राहते न घोड्यावानी. शह लागला नाही तवालोक. माह्ये भाऊ वसरीत खेळत, तं असेच खेळत.”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे गावोगाव जे देशी बुद्धिबळ खेळत, त्यात किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला सबंध डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा असे, तोवर त्याला शह बसलेला नसेल तर. बाबा भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावात मामाकडून तेच शिकले होते, कोळशाने आखलेल्या पटावर. इकडचे नियम त्यांनी पुढे कंपनीत लागल्यावर पुस्तकातून उचलले आणि ते पक्के केले. पण त्या दिवशी कँटीनमध्ये, गर्दीत, समोर अधिकारी बसलेला असताना, हाताने मामाचा नियम खेळला होता. ई-एक ते जी-दोन घोड्याची बरोबर एक उडी होते. राजा मधून हलला म्हणूनच पहिली आडवी ओळ मोकळी झाली, आणि म्हणूनच दुसरा हत्ती ए-एकवरून एच-एकला पोचू शकला. आमच्या घरात इतकी वर्षं वाढला गेलेला तो विजय त्या एका उडीवर उभा होता. आणि कँटीनभर माणसं होती, पण सगळीच कुठल्या ना कुठल्या गावातून आलेली, कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. बाबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, राजा पटावर आडवा ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन पडले.

चार दिवस ते या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत. माझी चूक नव्हती, हेही बोलले नाहीत. समारंभ पाच दिवसांवर आला होता. मला त्यांची दया आली की त्यांचा राग आला ते आजही ठरवता येत नाही, पण मी एक गोष्ट केली. चौदाव्या चालीला बाबांनी ए-दोनचं प्यादं ए-तीनला सरकवलं होतं. पुढे सबंध डावात त्या प्याद्याला कुणी हात लावत नाही. मी ती चाल खोडली आणि तिथे राजा ई-एकवरून एफ-एकला नेला. मग बाविसाव्याला एफ-एक ते जी-दोन, एकच घर. बटण दाबलं. लाल ओळ आली नाही. हत्ती मेला, दुसरा हत्ती आला, मात झाली, सगळं नियमात. मी इतकी खूश झाले की बाबा बसमधून उतरायची वाट पाहत फाटकात उभी राहिले.

बाबा बसले. मी पुढचा बाण दाबत गेले. चौदाव्या चालीला त्यांनी माझा हात धरला. “हे कोणतं?”

“बाबा, त्या प्याद्यानं काहीच फरक पडत नाही. आता पूर्ण डाव चालते. पाहा तं खरं.”

“चवदावीले मी प्यादं सरकवलं होतं. वहीत काय हाय?”

“प्यादं.”

“मंग?”

आणि मग माझा बांध फुटला. मी त्यांच्यावर त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता, आणि त्यानंतरही फारसा नाही. “तीन हप्ते तुमी मले सांगून राहिले का वही चुकली. बसमधी सांगतलं, मावशीले सांगतलं. आता मी चुकवली तं वही बरोबर झाली काय? कोणती वही पाहिजे तुमाले, ते एक डाव ठरवा न!” आई चुलीवरचं तसंच टाकून दारात आली. बाबा उठले, बनियनवर शर्ट चढवला, वही काखेत मारली आणि स्कूटर काढून निघून गेले. आईने मला पाणी दिलं आणि तिने दोन शब्द बोलून घेतले, “एवढं नको होतं बोलाले,” आणि थोड्या वेळाने, “पण बरं बोलली.”

ते वानखेडे साहेबांकडे गेले होते. दिवेलागणीला परत आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. आईने त्या दिवशी पाटवडी केली होती, मुद्दाम की योगायोगाने, मी कधी विचारलं नाही. पहिल्यांदाच असं झालं की पाटवडी ताटात होती आणि हत्ती मेला नाही. आईनेच विचारलं, “काय म्हणे साहेब?”

“हासले.” बाबांनी भाकरी मोडली. “म्हणे, नामदेव, मी बी काटोलले तसाच शिकलो. तुहा राजा उडाला तवा मले वाटलं, बरं झालं बाप्पा, याची उडी संपली.”

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबांना हसू आलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर चालू करायला सांगितला. डाव वहीत आहे तसाच गेला पाहिजे, एक अक्षर न बदलता. सॉफ्टवेअर बाविसावी चाल घेणार नाही, हे मी पुन्हा सांगितलं. “मंग दोन पट टाक. एकविसाव्यापर्यंत एक, तेविसाव्यापासून दुसरा. मधात मी सांगतो ते लिव.” सॉफ्टवेअरला मधलीच मांडणी देऊन डाव सुरू करता येत होता, तेवढे त्याचे उपकार. मराठी अक्षरं मात्र तेव्हा एका मशीनवर दिसली तर दुसऱ्यावर चौकोन दिसायचे. म्हणून मी म्हटलं, ती ओळ मी चित्र करून टाकते, म्हणजे सगळीकडे दिसेल. बाबा माझ्या मागे खुर्ची ओढून बसले आणि सावकाश, एकेक शब्द सोडवत सांगू लागले.

“बाविसाव्या चालीला पांढऱ्याचा राजा घोड्यासारखा उडाला. हा देशी नियम आहे, इथे चालत नाही. नोंद बरोबर आहे. खेळणारा चुकला.”

मी टाइप केलं. कीबोर्ड मला नीट दिसत नव्हता. “वाचून दाखव,” ते म्हणाले. मी वाचलं. “खाली लिव, नोंद करणार सुजाता. वय वर्षे नऊ.” मग उठून आत गेले आणि आईला विचारू लागले की कूलरमध्ये पाणी भरलं का.

समारंभात काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते त्यांनी नंतर इतक्या वेळा सांगितलं की मला त्याचा कंटाळा आला आहे. साहेबांनी बटण दाबलं, पट एकविसाव्याला थांबला, बाबांनी उभं राहून ती ओळ मोठ्याने वाचली, कँटीनमध्ये असा हशा पिकला की चहावाला थांबून पाहू लागला. निकालाच्या जागी बाबांनी तारा टाकायला लावला होता, म्हणजे निकाल लागला नाही. साहेबांना ते मान्य नव्हतं. मी हारलो म्हणजे हारलो, असं ते म्हणत. तो तारा काढावा की ठेवावा यावर दोघं पुढे कितीतरी वर्षं फोनवर भांडले, आणि आईच्या बहिणीचा फोन पुन्हा लागेनासा झाला.

आता मी पन्नाशीला टेकले आणि बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. ज्या तंत्रावर ते पट चालायचे ते ब्राउझरांनी केव्हाच बंद केलं, त्यामुळे त्या पेजवर आता पटाच्या जागी दोन राखाडी चौकोन दिसतात, बाण नाहीत, मोहरे नाहीत. गेला महिनाभर मी नव्या सॉफ्टवेअरमध्ये डाव पुन्हा घालते आहे. ते सगळं समजतं, मराठी समजतं, फोनवरही चालतं, फायलींच्या नावांवरून रुसत नाही, आणि बाविसाव्या चालीला पुन्हा तीच लाल ओळ दाखवतं. बाबा रोज दुपारी चारला मागे येऊन बसतात. हल्ली त्यांना पडदा नीट दिसत नाही, म्हणून मलाच विचारतात, झालं का, काहून नाही झालं, मागे तं झालं होतं. परवा मी वैतागून सांगितलं की बाबा, जुन्या पेजवर आता काही उरलं नाही, दोन्ही पट गेले, मधात फक्त ते चित्र तेवढं दिसते.

“ते ओळ दिसते न अजून?”

“दिसते.”

“खालचं नाव?”

“तेही दिसते.”

“मंग झालं त,” ते म्हणाले. “बाकीच्याची काही घाई नाही.” आणि काठी घेऊन कूलरकडे गेले.